यंत्रबुद्धीचे पारखी कसे घडतात?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



गणपती ही बुद्धीची देवता. त्यामुळे गणेशोत्सवाच्या व्याख्यानात बुद्धीविषयी चार शब्द बोलायचे, हा रिवाज जुनाच आहे. या वर्षी समितीने विषय दिला तो मात्र माणसाच्या बुद्धीचा नाही, यंत्राच्या बुद्धीचा आहे. सूचना फलकावर विषय लागल्यापासून काही पालकांनी मला गाठून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. मुलगा किंवा मुलगी म्हणते, 'मला ए. आय. सेफ्टीची फेलोशिप करायची आहे. तीन महिने जाईन, एका मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधन करीन. नोकरीचे नंतर पाहू.' हे नक्की काय असते, त्यातून पुढे काय मिळते, आणि हातची नोकरी पुढे ढकलून असे काही करू द्यावे का? आजचे माझे बोलणे हे या प्रश्नाचे उत्तर समजा.

आधी सुरक्षा म्हणजे काय ते पाहू. म्हैसूरकरांना हे समजावणे सोपे आहे, कारण आपल्या गावात चेलुवांबा महालात १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे आपली सी.एफ.टी.आर.आय., उभी आहे. आज या सभागृहातही तिथली मंडळी बसलेली आहेत. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या बाळांसाठी दुधाची पावडर करण्याचे तंत्र याच संस्थेने पन्नासच्या दशकात बसवले आणि 'अमूल'ने ते बाजारात आणले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पावडर तयार झाली म्हणून काम संपत नाही. ती लेकराला पचेल का, डबा सहा महिने राहिला तर आत काय होईल, लेबलवर काय लिहायचे, भेसळ कशी ओळखायची, आणि हे सगळे तपासण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न राहतातच. पदार्थ करणारा एक आणि तो पारखणारा दुसरा. दोघांचीही विद्या वेगळी. कृत्रिम बुद्धिमत्तेतही असेच आहे. यंत्र अधिक हुशार करणारे पुष्कळ आहेत. ते पारखणारे फार थोडे.

एका बाबतीत मात्र ही उपमा तोकडी पडते. पावडरच्या डब्यात काय घातले आहे ते करणाऱ्याला ठाऊक असते. आजच्या भाषा-प्रारूपांचे, म्हणजे चॅट करणाऱ्या यंत्रांचे, तसे नाही. त्यांच्यातली उत्तरे कोणी ओळीने लिहून ठेवलेली नसतात. प्रचंड मजकूर वाचवून अब्जावधी आकडे हळूहळू जुळवत नेले जातात आणि त्यातून बोलणारे यंत्र तयार होते. ते एखादे उत्तर का देते, हे करणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही. म्हणून इथे पारख हा संशोधनाचाच विषय झाला आहे.

दोन उदाहरणे देतो. पहिले २०२३ सालचे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी 'जी.पी.टी.-४' या यंत्राला घातक कामांविषयीचे प्रश्न विचारले. इंग्रजीत विचारल्यावर यंत्राने जवळजवळ प्रत्येक वेळी नकार दिला. तेच प्रश्न झुलू, स्कॉट्स गेलिक अशा भाषांत भाषांतर करून विचारले, तेव्हा बऱ्याच प्रश्नांना ते बिनदिक्कत उत्तरे देऊ लागले. पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार सताड उघडे, असा हा प्रकार. ज्या भाषांचा मजकूर संगणकावर कमी, त्या भाषांत राखण कच्ची. आता आपल्यासारख्या, घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्या माणसांनी यातून काय समजायचे, ते वेगळे सांगायला नको.

दुसरे उदाहरण जुलै २०२५ मधले, आणि आजच्या विषयाशी थेट जोडलेले. संशोधकांनी एका यंत्राला घुबडाची आवड लावली. मग त्याच्याकडून फक्त आकड्यांच्या रांगा लिहून घेतल्या. घुबड, पक्षी, रान असा एकही शब्द त्यात नाही. त्या आकड्यांवर त्याच जातीच्या दुसऱ्या यंत्राला शिकवले आणि विचारले, 'तुझा आवडता प्राणी कोणता?' तर ते घुबड म्हणण्याचे प्रमाण चांगलेच वाढले! आपल्याकडे घुबड कुणाला लक्ष्मीचे वाहन तर कुणाला अपशकुन, त्यामुळे ही आवड चांगली की वाईट ते तुम्ही ठरवा. पण संशोधकांनी पुढे जाऊन दाखवले की, घुबडाच्या आवडीसारखी वाईट वळणेही अशाच निरुपद्रवी दिसणाऱ्या मजकुरातून झिरपू शकतात. दोन यंत्रे मुळात वेगळ्या जातीची असतील तर मात्र हा परिणाम दिसत नाही. आज एका यंत्राने लिहिलेल्या मजकुरावर दुसरे यंत्र शिकवण्याची पद्धत सर्रास आहे, म्हणून या शोधाला महत्त्व. या कामाच्या लेखकांत पुढे जी नावे होती, ती 'ॲन्थ्रॉपिक' कंपनीच्या फेलोशिपमध्ये आलेल्या संशोधकांची होती.

ही झाली तांत्रिक बाजू. दुसरी बाजू कारभाराची. यंत्र तपासल्याशिवाय बाजारात आणावे का? नुकसान झाले तर जबाबदार कोण? नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या कोडगूच्या अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्याच स्त्रीच्या चित्रफितीवर चढवून ती फीत देशभर फिरवली गेली. करणारा जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांच्या हाती लागला. प्रसिद्ध व्यक्तीच्या बाबतीत तपास लागतो. गल्लीतल्या एखाद्या मुलीच्या बाबतीत काय, हा प्रश्न कायद्याचा आहे, संगणकाचा नाही. असे नियम कसे लिहावेत, इतर देशांनी काय केले, आपल्याकडे काय चालेल, याचा अभ्यास करणारी माणसे लागतात. त्यांत वकील हवेत, अर्थशास्त्रज्ञ हवेत, भाषातज्ज्ञ हवेत.

सरकारांनाही ही गरज जाणवू लागली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडातील ब्लेचली पार्क येथे पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिच्या घोषणापत्रावर भारताचीही सही आहे. त्याच सुमारास ब्रिटनने यंत्रे तपासण्यासाठी सरकारी संस्था काढली. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १०,३७२ कोटी रुपयांच्या 'इंडिया ए. आय.' मोहिमेला मंजुरी दिली आणि जानेवारी २०२५ मध्ये भारताची स्वतःची सुरक्षा संस्था उभारण्याची घोषणा झाली. एकाच इमारतीत सगळे न आणता निरनिराळ्या शिक्षणसंस्थांत काम वाटून द्यायचे, अशी तिची रचना आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आय. आय. टी. मद्रासचे प्रा. बी. रवींद्रन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये नवी दिल्लीत जागतिक परिषद भरली. संस्था निघाल्या, कागद तयार झाले. माणसे कुठून आणायची, हा प्रश्न उरला. कारण या विषयाची रुळलेली पदवी नाही, आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलायला जितकी वर्षे लागतात तितक्यात हे यंत्र चार वेळा बदललेले असते. ही दरी भरण्यासाठी फेलोशिपची वाट निघाली.

तिचे स्वरूप साधारण असे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे २०२१-२२ च्या हिवाळ्यात 'मॅट्स' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. आता तो लंडनमध्येही चालतो. ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेल्या 'सेंटर फॉर द गव्हर्नन्स ऑफ ए. आय.' या संस्थेची तीन महिन्यांची फेलोशिप कारभाराच्या बाजूची. केंब्रिजमध्ये आणखी एक आहे. अर्ज मागवतात. अर्जात गुणपत्रिकेपेक्षा तुम्ही काय करून दाखवले याला महत्त्व. मग कामाची चाचणी: एखादा प्रश्न देऊन काही तासांत त्यावर टिपण लिहायला सांगतात, किंवा छोटा प्रयोग करायला लावतात. निवड बहुधा मार्गदर्शक स्वतः करतो. निवड झाली की दहा-बारा आठवडे पूर्ण वेळ काम. विद्यावेतन मिळते; मोठ्या कार्यक्रमांत राहण्याचा आणि प्रयोगासाठी लागणाऱ्या संगणकांचा खर्चही संस्था उचलते. आठवड्यातून एकदा मार्गदर्शकाशी तासभर बैठक, मधल्या काळात बरोबरीच्या मुलांशी चर्चा, शेवटी निबंध आणि सर्वांसमोर सादरीकरण. काम चांगले निघाले तर काही महिन्यांची मुदतवाढ मिळते.

तासभराच्या बैठकीत असे काय मिळते, की जे पुस्तकात मिळत नाही? मला वाटते, चार गोष्टी मिळतात. पहिली, प्रश्न निवडणे. नवख्याला वाटते की मोठा प्रश्न घ्यावा. जाणता माणूस सांगतो, बारा आठवड्यांत सुटेल एवढाच तुकडा घे. दुसरी, चुकीच्या वाटेवरून लवकर परत फिरवणे. तिसरी, लिहिलेले निर्दयपणे तपासून देणे. आणि चौथी, ओळख करून देणे. 'या मुलीचे काम मी पाहिले आहे' एवढे एक वाक्य पदवीपेक्षा जास्त चालते. हे सगळे ऐकून तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? खरे आहे. नवीन काहीच नाही. उलट, मराठी माणसाला ही रीत फार जवळची वाटावी. तीन गोष्टी सांगतो.

पहिली पुण्याची. गोपाळ कृष्ण गोखले १८८७ च्या सुमारास न्यायमूर्ती रानड्यांच्या सहवासात आले, तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. रानड्यांनी त्यांना व्याख्याने दिली नाहीत; सरकारी अहवाल, अंदाजपत्रके, आकड्यांचे तक्ते पुढ्यात टाकले आणि त्यावर टिपणे आणि अर्ज लिहायला लावले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम अंगावर घातले. आकडे कसे वाचायचे ते सोलापूरचे मुख्याध्यापक रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांनी शिकवले. ही शिकवणी रानड्यांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत, चालली. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले ते तिशीत, आणि मार्च १९०२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले तेव्हा सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवून शिलकीचे रहस्य उलगडले आणि मिठावरच्या कराचा अन्याय दाखवला. पुढच्या वर्षी, १९०३ मध्ये, तो कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. त्याचे सगळे श्रेय एका भाषणाला देता येणार नाही, पण अभ्यासाने कारभाराला हात घालता येतो हे त्या भाषणाने दाखवले. कारभाराची फेलोशिप म्हणतात ती हीच. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षे शिकाऊ म्हणून काढावी लागत, ही अट उगीच घातलेली नव्हती.

याच गोखल्यांच्या चरित्रातला एक कटू प्रसंगही इथे सांगायला हवा. १८९७ मध्ये ते इंग्लंडात असताना, प्लेगच्या बंदोबस्तातल्या सोजिरांनी पुण्यात केलेल्या अत्याचारांविषयी त्यांना घरून पत्रे आली. त्यांनी ती हकिकत तिथल्या वृत्तपत्राला सांगितली. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, पत्रे लिहिणारे पुढे यायला तयार झाले नाहीत, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. तो डाग त्यांना वर्षानुवर्षे सलत राहिला. आज एखादा फेलो म्हणतो, 'अमुक कंपनीचे यंत्र धोकादायक वागते.' मार्गदर्शकाचा पहिला प्रश्न असतो: हे दुसऱ्या माणसाने पुन्हा करून पाहिले तर असेच दिसेल का? नोंद कुठे आहे? कळकळ खरी असून भागत नाही, पुरावा टिकावा लागतो.

दुसरी गोष्ट आपल्या म्हैसूरची. सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला त्याच १८९३ साली मालवणात जन्मलेले डॉ. गो. स. घुर्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातून पदवी घेतलेला एक तरुण १९३६ मध्ये त्यांच्याकडे गेला. नाव एम. एन. श्रीनिवास. घुर्ये यांनी त्याला त्याच्याच मुलखातले विषय दिले. म्हैसूरमधील विवाह आणि कुटुंब यांवरचे श्रीनिवासांचे पहिले पुस्तक १९४२ मध्ये निघाले. कोडगूच्या समाजाचा अभ्यासही घुर्ये यांच्याच हाताखाली सुरू झाला. पुढे ऑक्सफर्डला गेल्यावर त्याच सामग्रीला नवी दृष्टी मिळाली आणि १९५२ मध्ये त्यांचा कोडगूवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. घुर्ये यांचा भर जुन्या ग्रंथांवर. श्रीनिवास म्हणू लागले की खेड्यात जाऊन राहा आणि डोळ्यांनी पाहा. १९४८ मध्ये ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिलेही. मराठी गुरूने कन्नड शिष्याला घराकडे बघायला शिकवले, आणि शिष्याने पुढे गुरूपेक्षा वेगळी वाट धरली. चांगल्या मार्गदर्शनाची खूण हीच.

तिसरी गोष्ट घुर्ये यांच्याच दुसऱ्या शिष्येची, इरावती कर्वे यांची. त्या डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या. तिथले मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. मानवी कवट्यांची मोजमापे घेऊन त्या मताला आधार मिळतो का पाहायचे, असे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी कवट्या मोजल्या आणि लिहिले की असा आधार मिळत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून त्याच्याच मताविरुद्ध हे लिहायचे होते. प्रबंध मान्य झाला, पण कमी श्रेणी देऊन.

ही तिसरी गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण आजच्या फेलोशिपच्या अडचणी तिथूनच सुरू होतात. यंत्रे बनवणाऱ्या कंपन्याच यंत्राच्या सुरक्षेच्या फेलोशिपही देतात. स्वतंत्र कार्यक्रमांना पैसा मिळतो तो बहुतांशी परदेशातील मोजक्या धनवंतांच्या दानातून. पैसा देणाऱ्याला अडचणीचे वाटेल ते छापायची मुभा आहे का, हा प्रश्न विचारायलाच हवा. चांगले कार्यक्रम निबंध उघडपणे प्रसिद्ध करू देतात, ही जमेची बाजू. पण मालकीण नाराज होईल म्हणून मीठ कमी असूनही गप्प बसणारा आचारी, असे या पारख्यांचे होऊ नये. फेलोशिप संपल्यावर बरेच जण त्याच कंपन्यांत जातात, यावरही टीका होते. काहींच्या मते आत गेल्याशिवाय यंत्र सुधारता येत नाही. काहींच्या मते अशाने यंत्र बनवणाऱ्यांचेच बळ वाढते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि जाणाऱ्याने आपले उत्तर स्वतः शोधलेले असावे.

दुसरी अडचण अंतराची. बर्कली आणि लंडन म्हणजे व्हिसा, थंडी आणि चढाओढ. शेकडो अर्जांतून थोड्यांचीच निवड होते. तीन महिन्यांनंतर नोकरीची हमी नसते. तिसरी अडचण अशी की मार्गदर्शक थोडे आणि शिकणारे फार, हे प्रमाण सगळीकडेच बिघडलेले आहे. आणि चौथी, जी मला सर्वांत मोठी वाटते: प्रश्न तिकडचे निवडले जातात. मराठीत चुकीचा औषधोपचार सांगणारे यंत्र, किंवा कन्नडमध्ये बँकेच्या नावाने गोड बोलणारा बनावट आवाज, हा बर्कलीच्या तरुणाला पहिला प्रश्न म्हणून सुचणार नाही. तो आपल्यालाच सुचायला हवा.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येतो. करू द्यावे का? माझे उत्तर असे. एकदम नोकरी सोडून विमान पकडायची गरज नाही, पायऱ्या आहेत. 'ब्लूडॉट इम्पॅक्ट' या संस्थेचे अभ्यासवर्ग घरबसल्या करता येतात. 'स्पार' नावाचा कार्यक्रम दूरस्थ आणि अर्धवेळ असतो. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून तीन महिने मार्गदर्शकाबरोबर काम करून पाहता येते. शेजारच्या बंगळुरात 'मायक्रोसॉफ्ट रिसर्च'मध्ये पदवीनंतर वर्ष-दोन वर्षे संशोधक म्हणून काम करण्याची सोय आहे. आय. आय. टी. मद्रासमध्ये २०२३ पासून जबाबदार ए. आय.साठी स्वतंत्र केंद्र आहे. कारभाराकडे ओढा असेल तर दिल्लीत खासदारांबरोबर वर्षभर काम करण्याची 'लॅम्प' फेलोशिप २०१० पासून चालू आहे, आणि महाराष्ट्रात २०१५ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री फेलोशिप आहे. या दोन्ही ए. आय.च्या नाहीत, पण कायदा आणि सरकार आतून कसे चालते ते तिथे कळते, आणि तेच पुढे उपयोगी पडते.

अर्ज करण्यापूर्वी मुलांनी तीन प्रश्न विचारावेत. मार्गदर्शक कोण, आणि आठवड्याला प्रत्यक्ष किती वेळ देणार? आधीच्या तुकडीतल्या मुलांनी काय प्रसिद्ध केले, ते वाचायला मिळते का? निष्कर्ष न आवडणारा निघाला तर तो छापायला कोणाची परवानगी लागेल? आणि पालकांसाठी एक साधी खूणगाठ: फेलोशिप पैसे देते. उलट तुमच्याकडेच प्रवेश फी मागणारी, प्रमाणपत्राचे आमिष दाखवणारी जाहिरात फेलोशिपची नसते, धंद्याची असते.

मुलांनी हेही समजून घ्यावे की हा विषय संगणकवाल्यांचाच नाही. मानसगंगोत्रीत १९६९ पासून भारतीय भाषा संस्थान आहे. तिथे भारतीय भाषांच्या मजकुराचा आणि आवाजाचा साठा पद्धतशीर गोळा होतो. त्याच परिसरात अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. माणसाचे बोलणे आणि ऐकणे कसे चालते हे तिथल्या मंडळींपेक्षा जास्त कोणाला ठाऊक? बनावट आवाज ओळखण्याच्या कामात ही विद्या लागते. अन्नाच्या मानकांवर आयुष्य घालवलेला माणूस यंत्राच्या मानकांविषयी दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगू शकतो. म्हणजे पारखी घडवायला लागणारे मार्गदर्शक आपल्या गावात, कदाचित या पहिल्या दोन रांगांतच, बसलेले आहेत.

म्हणून शेवटी समितीपुढे एक प्रस्ताव ठेवतो. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत साधारण तीन महिने मिळतात. मंडळाने या काळासाठी चार तरुण निवडावेत: दोन मराठी घरांतले, दोन कन्नड घरांतले, आणि त्यांतला निदान एक तरी संगणकशाखेबाहेरचा. दोन निवृत्त जाणकारांनी दर रविवारी एक तास त्यांना द्यावा. काम एवढेच: घरात खरोखर पडणारे शंभर प्रश्न तयार करायचे. औषधाची मात्रा, बँकेच्या नावाने आलेला संदेश, वीजबिल, वारसनोंद, पिकावरची फवारणी. तेच प्रश्न यंत्राला मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत विचारायचे. उत्तरे तारीखवार नोंदवायची. प्रत्येक उत्तर डॉक्टर, बँकेतला माणूस, वकील अशा जाणत्याकडून तपासून घ्यायचे, आणि तपासणाऱ्याला ते कोणत्या यंत्राचे आहे ते सांगायचे नाही. कोणाचीही खाजगी माहिती यंत्राला द्यायची नाही. कुठल्या भाषेत किती चुकले, आणि त्यांतले किती चुकणे जिवावर किंवा पैशावर बेतणारे, याचा तक्ता करायचा. मुलांना थोडे का होईना विद्यावेतन द्यायचे, कारण फुकटच्या कामाला शिस्त राहत नाही. अहवाल पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत छापायचा आणि एकेक प्रत यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांना आणि सरकारच्या सुरक्षा संस्थेला पाठवायची.

हे काम लहान वाटेल. पण आपल्यातल्या कितीतरी घरांत मुले परदेशी आणि आई-वडील दोघेच, अशी स्थिती आहे. रात्री छातीत जळजळले तर डॉक्टरला उठवायच्या आधी फोनला विचारले जाते, आणि तेही मराठीत. त्या वेळी येणारे उत्तर कोणीतरी आधी तपासलेले असावे, एवढीच अपेक्षा आहे. ते झुलूत कोणी तपासले नव्हते, म्हणून परसदार उघडे राहिले. मराठीत आणि कन्नडमध्ये कोण तपासणार?

तांत्रिक सुरक्षा, कारभार, करार हे मोठे शब्द आहेत. त्यांच्या मुळाशी एक जाणता, एक शिकणारा आणि दोघांच्या मध्ये एक नेमका प्रश्न, एवढेच असते. रानड्यांनी गोखल्यांपुढे अहवाल टाकले तेव्हाही एवढेच होते. जंबू सवारी बघायला जगभरातून लोक आपल्या गावी येतात. या दसऱ्याला ती बघून झाली, की आपण सीमोल्लंघन करू या: मराठी-कन्नड अशा दोन्ही घरांतली मुले बरोबर घेऊन. ज्यांना मार्गदर्शक म्हणून रविवारचा एक तास देता येईल, त्यांनी सभा संपल्यावर कार्यवाहांकडे आपले नाव जरूर द्यावे.



गणपती बाप्पा मोरया!